दुचाकी प्रशिक्षण वर्ग कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

दुचाकी शिकवण्याचा वर्ग काढायला एक जुनी स्कूटर, सकाळी मोकळे असलेले मैदान आणि चौकात लावलेला एक फलक एवढे पुरते, असा समज महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांत सर्रास आढळतो. ओळखीच्या कोणाला हौसेने गाडी शिकवणे वेगळे आणि पैसे घेऊन शिकवणे वेगळे. मोबदला घेऊन वाहन चालवण्याचे शिक्षण द्यायचे असेल, तर मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 12 आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 चे नियम 24 ते 31 लागू होतात, आणि त्यांतील पहिलीच अट अशी की अनुज्ञप्ती, म्हणजे वर्ग चालवण्याचा सरकारी परवाना, हाती आल्याशिवाय वर्ग सुरू करता येत नाही. अनेक जण शिकवायला सुरुवात करतात आणि कागदपत्रे नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा आहे, आणि एखादा शिकाऊ पडून जखमी झाला म्हणजे तो संचालकाच्या अंगाशी येतो.

या विषयाकडे गांभीर्याने पाहण्याचे कारण आकड्यांत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्याच वर्षी 50,029 इतकी नोंदली गेली. आपल्याकडे दुचाकी बहुतेक जण भावाकडून, मित्राकडून किंवा नवऱ्याकडून शिकतात, आणि शिकवणाऱ्याच्या सवयी जशाच्या तशा पुढे जातात. वर्गाचे काम या सवयी मोडण्याचे आहे. त्यासाठी लागणारा वेळ नियमांनी ठरवून दिलेला आहे. तो वेळ खरोखर देणे हेच या व्यवसायातले मुख्य काम, आणि पुढील सगळ्या पायऱ्या त्याभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: आपण काय काढणार आहोत ते ठरवणे

सध्या दोन प्रकारच्या संस्था कायद्याला माहीत आहेत. एक म्हणजे आपण नेहमी पाहतो ते मोटार ड्रायव्हिंग स्कूल, ज्याला नमुना 11 मध्ये अनुज्ञप्ती मिळते. दुसरे म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र, ज्याची तरतूद 1 जुलै 2021 पासून अमलात आली. दुसऱ्या प्रकारासाठी दुचाकी, तीनचाकी आणि हलक्या वाहनांच्या प्रशिक्षणाला किमान एक एकर जागा, संगणक व प्रोजेक्टर असलेल्या वर्गखोल्या, सिम्युलेटर, आखलेला ट्रॅक आणि बायोमेट्रिक हजेरी अशी भांडवली तयारी लागते. त्या बदल्यात तेथे प्रशिक्षण पूर्ण करून केंद्राची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला आरटीओतील वाहन चालवण्याची चाचणी माफ होते.

साध्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राने ही माफी मिळत नाही. 2024 च्या मे-जूनमध्ये ‘आता खासगी स्कूलमध्येच लायसन्सची परीक्षा होणार’ अशा बातम्या फिरल्या आणि अनेक वर्गचालकांनी त्या फलकावर उतरवल्या. नियमांत कोणताही बदल झालेला नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. प्रवेशाच्या वेळी चौकशीला आलेल्या प्रत्येकाला हे स्पष्ट सांगावे: आमच्याकडे शिक्षण मिळेल, चाचणी आरटीओतच द्यावी लागेल.

नवख्याने पहिल्या प्रकारापासून, तेही फक्त दुचाकीपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पुढील विवेचन त्याच गृहीतकावर आहे.

दुसरी पायरी: जागा, आणि तिच्यापेक्षा अवघड असलेले मैदान

जागा अर्जदाराच्या मालकीची किंवा त्याच्या नावे भाड्याने घेतलेली असली पाहिजे. तेथे व्याख्यान आणि प्रात्यक्षिक घेण्याची पुरेशी सोय हवी, शिवाय प्रशिक्षणाच्या गाड्या उभ्या करायला स्वतंत्र जागा हवी. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून गाळ्यात टेबल मांडले, की तपासणीला आलेले मोटार वाहन निरीक्षक पहिला आक्षेप तेथेच घेतात. भाडेकरार तोंडी नको. तो नोंदणीकृत असावा आणि त्यात ‘ड्रायव्हिंग स्कूलच्या वापरासाठी’ असा स्पष्ट उल्लेख असावा. जागा निश्चित करण्यापूर्वीच आपल्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन तपासणीची यादी मागून घ्यावी, म्हणजे वर्गखोलीच्या मापावरून नंतर फेरे होत नाहीत. कर्मचारी मोजकेच असतील, तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना पुरते. तीही करून ठेवावी.

सरावाच्या मैदानाचा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही. नवशिक्याला पहिले काही दिवस रस्त्यावर नेणे धोक्याचे आहे आणि शहरात रिकामी सपाट जागा दुर्मीळ झाली आहे. शाळेचे पटांगण सकाळच्या वेळी, बाजार समितीचे आवार सुट्टीच्या दिवशी, मंगल कार्यालयाचा वाहनतळ लगीनसराई सोडून, असे पर्याय शोधावे लागतात. परवानगी लेखी घ्यावी आणि तिच्यात वार, वेळ आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची हे नमूद करावे. जागा बघताना लांबीकडे लक्ष द्यावे. ताशी 30 किलोमीटर वेगाने येऊन सावकाश थांबण्याचा सराव करायचा, तर वेग घ्यायला, ब्रेक लावायला आणि चूक झाली तर पुढे निघून जायला मिळून निदान साठ-सत्तर मीटर सरळ पट्टा हवा. मुरमाचे मैदान तोल शिकायला चालते, पण ब्रेकच्या सरावाला नाही. त्यासाठी डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभागच हवा, नाहीतर शिकाऊ चुकीचा अंदाज घेऊन घरी जातो.

तिसरी पायरी: गाड्या

ज्या प्रकारच्या वाहनाचे शिक्षण द्यायचे, त्या प्रत्येक प्रकाराचे किमान एक वाहन अर्जदाराच्या मालकीचे असावे आणि ते केवळ प्रशिक्षणासाठीच राखून ठेवलेले असावे, अशी अट आहे. सकाळी वर्ग आणि दुपारी त्याच गाडीवर घरपोच डबे, असे चालत नाही. लायसन्सच्या दृष्टीने गियर नसलेली दुचाकी आणि गियरची दुचाकी हे दोन वेगळे वर्ग असल्याने एक स्कूटर आणि एक 100 ते 125 सीसीची मोटरसायकल अशी जोडी ठेवणे सोयीचे पडते. स्कूटरवर चाचणी देणाऱ्याला मोटरसायकलचे लायसन्स मिळत नाही, ही गोष्ट प्रवेश घेतानाच सांगावी. पुष्कळ जणांना ती चाचणीच्या दिवशी कळते.

मोटारीला प्रशिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक लागतो. दुचाकीला या दुहेरी नियंत्रणातून नियमांनीच सूट दिली आहे, कारण ते बसवता येत नाही. या सवलतीचा खरा अर्थ असा की मोटार शिकवताना प्रशिक्षक ऐन वेळी चूक सुधारू शकतो आणि दुचाकीवर ती संधी त्याला जवळजवळ नसते. म्हणून दुचाकीच्या वर्गात मैदानावरचे दिवस कमी करून रस्त्यावर लवकर नेण्याची घाई अजिबात करू नये.

गाडीवर शाळेचे नाव, पूर्ण पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत असावा. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस आणि अक्षराची उंची 10 सेंटिमीटर असावी. कागदावर स्केचपेनने काढून चिकटवलेला ‘एल’ पहिल्या सरीत वाहून जातो, तेव्हा पत्र्याची पाटी करून घ्यावी. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे साडी गार्ड आणि मागे बसणाऱ्यासाठी पकड यांची सक्ती नियम 123 मध्ये आहे. जुनी गाडी घेताना ही दोन्ही जागेवर आहेत ना, ते पाहावे. विम्याच्या पॉलिसीत गाडी ड्रायव्हिंग शिकवण्यासाठी वापरली जाते अशी नोंद करून घ्यावी. थोडा जास्त हप्ता पडतो, पण खासगी वापराच्या पॉलिसीवर वर्ग चालवला तर दाव्याच्या वेळी कंपनीला नकाराचे कारण आयते मिळते. क्रॅश गार्ड, दोन जादा क्लच लिव्हर आणि ब्रेक लिव्हर हाताशी ठेवावेत, कारण गाडी आडवी होणार हे धरूनच चालावे लागते.

चौथी पायरी: साहित्य आणि प्रशिक्षक

साहित्याची यादी नियम 24 मध्येच दिलेली आहे: फळा, रस्त्याचा नकाशा-फलक आणि त्यावर ठेवायच्या सिग्नलच्या प्रतिकृती, वाहतूक चिन्हांचा तक्ता, सिग्नलचे व वाहतूक पोलिसांच्या हस्तसंकेतांचे तक्ते, वाहनाच्या भागांचा तक्ता, पंक्चरचे साहित्य आणि हवेचा दाब मोजण्याचा गेज, पान्यांचा संच, बाके-टेबले, वाहतूक कायद्याची व यंत्रशास्त्राची पुस्तके आणि सुसज्ज प्रथमोपचार पेटी. फक्त दुचाकीचे शिक्षण देणाऱ्याला इंजिन-गिअरबॉक्सची प्रतिकृती ठेवण्यातून सूट आहे. ही यादी पुरी करणे कठीण नाही. प्रथमोपचार पेटीतल्या औषधांची मुदत तेवढी तपासत राहावे.

प्रशिक्षकाची अट मात्र पुष्कळांना अडवते. तो किमान दहावी उत्तीर्ण हवा, त्याला वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा आणि त्याच्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचे मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र किंवा यंत्र अभियांत्रिकीतील त्याहून वरची पात्रता हवी. शिवाय त्याला वाहतूक चिन्हांचे व नियमांचे पक्के ज्ञान, भागांचे कार्य समजावून सांगण्याची हातोटी आणि इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषा यायला हवी. वीस वर्षे गाडी चालवणारा उत्तम चालकही या प्रमाणपत्राअभावी नियमानुसार प्रशिक्षक होऊ शकत नाही. त्यामुळे जवळच्या आयटीआयमधून बाहेर पडलेली, गाडीची आवड असलेली मुलेमुली शोधावीत. दुचाकीच्या वर्गांत शिकायला येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे एक तरी महिला प्रशिक्षक असावी. मागे बसून हँडलला हात लावायची वेळ आली, तर शिकणारीला अवघडल्यासारखे होत नाही, आणि अवघडलेली व्यक्ती गाडी नीट चालवू शकत नाही.

प्रशिक्षकाची निवड करताना मी त्याचा वेग किंवा कसरती पाहणार नाही. त्याला एका जागी उभे करून, एखादी गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगायला लावीन.

पाचवी पायरी: अर्ज

अर्ज नमुना 12 मध्ये करायचा. सोबत जागेचे, गाड्यांचे व प्रशिक्षकांच्या पात्रतेचे पुरावे, आर्थिक क्षमतेचा दाखला आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल जोडावा, कारण अर्जदार आणि त्याचे कर्मचारी चांगल्या वर्तणुकीचे असल्याची खात्री अनुज्ञप्ती देणाऱ्या प्राधिकाऱ्याला करून घ्यावी लागते. 2016 अखेरच्या सुधारणेनंतर अनुज्ञप्तीचे शुल्क 10,000 रुपये झाले. नूतनीकरणालाही तेवढेच शुल्क आहे. निरीक्षक जागेवर येऊन पाहणी करतात. अर्ज फेटाळायचा असेल, तर त्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात. तेव्हा तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत फिरू नये, लेखी उत्तर मागावे. अनुज्ञप्ती पाच वर्षांसाठी असते.

सहावी पायरी: प्रवेश देताना

शिकाऊ लायसन्स असल्याशिवाय कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर गाडीवर बसवू नये. ते ‘सारथी’ संकेतस्थळावरून काढता येते, त्याची मुदत सहा महिने असते आणि ते मिळाल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. वर्ग शिकाऊ लायसन्स मिळताच सुरू केला, तर अभ्यासक्रम संपतो आणि चाचणीची तारीखही जवळ येते. हा जुळणारा काळ वाया जाऊ देऊ नये.

वयाच्या बाबतीत पालकांचा गैरसमज फार आहे. 16 वर्षे पूर्ण झालेल्यांना फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी पात्र धरले जाते, आणि बाजारात सर्रास मिळणाऱ्या 110 किंवा 125 सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. त्यांसाठी 18 वर्षे पूर्ण लागतात. ‘सोसायटीच्या आवारातच शिकवा हो’ अशी गळ घालणाऱ्या वडिलांना मोटार वाहन अधिनियमाचे कलम 199 अ दाखवावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. गाडी शाळेची असेल, तर मालक आपणच असतो.

हेल्मेट आयएस 4151 या भारतीय मानकाचे चिन्ह असलेले हवे. वर्गाने तीन मापांची हेल्मेट ठेवावीत आणि प्रत्येकाला घरून सुती टोपी किंवा रुमाल आणायला सांगावे. दुसऱ्याच्या घामाचे हेल्मेट नको म्हणून ते न घालण्याची सबब तेथेच संपते. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जाईल इतका आवळलेला असावा, आणि हे प्रशिक्षकाने स्वतः तपासावे. बंद पादत्राणे सक्तीची करावीत. ओढणी आणि साडीचा पदर खोचून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नये.

सातवी पायरी: एकवीस दिवस आणि दहा तास

नियम 31 नुसार खासगी वाहनांचे प्रशिक्षण किमान 21 दिवसांचे आणि प्रत्यक्ष वाहन चालवणे किमान 10 तासांचे असावे लागते. दुचाकीच्या बाबतीत प्रत्यक्ष सरावाचा जो भाग लागू होतो, तेवढा पूर्ण केला तरी चालतो. येथे साधा हिशेब करून पाहावा. रोज अर्धा तास धरला, तर 21 दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे दोन दिवस गैरहजेरी झाली की दहा तास भरत नाहीत. आणि तो अर्धा तास शिकणाऱ्याचा हात गाडीवर असलेला हवा, रांगेत उभे राहिलेला नव्हे. चार जणांत एक गाडी आणि एक तास असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. बहुतेक वर्ग येथेच घसरतात. वेळापत्रक रोज प्रत्येकी 40 मिनिटांचे आखावे आणि एका प्रशिक्षकाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त चालत्या गाड्या देऊ नयेत.

वर्गातले तास आणि मैदानावरचे तास एकमेकांत मिसळावेत. चिन्हे, हस्तसंकेत, कलमे हे सगळे पहिल्या दिवसांत कोंबले, तर चाचणीपर्यंत विसरले जाते. अभ्यासक्रमात चौकात शिरण्याची एक ठरलेली पद्धत दिलेली आहे: आधी आरसा, मग इशारा, मग हालचाल, आणि हालचाल करताना आधी आपली जागा, मग वेग, मग पाहणे. ही साखळी शिकणाऱ्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी. आठवडाभर ते हास्यास्पद वाटते, पण उजवीकडे वळताना मान आपोआप फिरू लागते.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नये. गाडी स्टँडवरून काढणे, हाताने ढकलत नेणे, वळवणे आणि पुन्हा स्टँडला लावणे यात शंभर-सव्वाशे किलोच्या वजनाची ओळख होते. ज्यांनी कधी सायकलही चालवलेली नाही, आणि चाळिशीनंतर स्कूटर शिकायला येणाऱ्या अनेक स्त्रिया अशा असतात, त्यांना बंद स्कूटरवर बसवून दोन्ही पायांनी जमीन ढकलत सपाटीवरून पुढे जायला लावावे. पाय दोन-तीन सेकंद वर उचलून गाडी सरळ राहते हे एकदा अंगात भिनले, की तोल आला. त्यासाठी कमी उंचीच्या सीटची स्कूटर घ्यावी. तळवे पूर्ण टेकत नसतील, तर भीती जात नाही.

पुढची अडचण उजव्या मनगटाची. नवशिक्या घाबरला की मूठ आवळतो, आवळताना मनगट खाली जाते आणि ॲक्सिलरेटर पिळला जातो. गाडी उसळते, तो आणखी घट्ट धरतो आणि ती आणखी उसळते. भिंतीवर जाऊन आदळणाऱ्या स्कूटरची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. उपाय पहिल्याच दिवशी करावा: बसल्यावर मनगट सपाट, कोपर किंचित वाकलेले, बोटे लिव्हरवर, आणि ‘सोड’ असा एकच शब्द ठरवून तो ऐकताच उजवी मूठ सैल करण्याचा सराव बंद गाडीवर वीस वेळा. प्रशिक्षकाने मैदानावर ओरडून लांबलचक सूचना देऊ नयेत. हेल्मेटच्या आत त्या पोहोचत नाहीत.

मोटरसायकलवर क्लचचा ‘बाइट’, म्हणजे लिव्हर सोडताना क्लच पकड घेऊ लागतो ती जागा, सापडेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू देऊ नये. आजच्या बऱ्याच गाड्या सपाटीवर फक्त क्लच हळूहळू सोडूनही पुढे सरकतात. तेवढ्यावरच पाच-दहा मीटर जाणे आणि थांबणे असा एक पूर्ण दिवस गेला तरी चालेल.

ब्रेक शिकवणे हा या अभ्यासक्रमातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकला जातो. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला माणसे मारणारा आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याची बहुतांश ताकद तेथेच असते. मागचा एकटा दाबला, की चाक अडकून गाडी घसरते. धोका पुढचा ब्रेक वापरण्यात नाही. तो झटक्याने दाबण्यात किंवा हँडल वळलेले असताना दाबण्यात आहे. मैदानावर मंद वेगात वळताना पडणारे बहुतेक जण याच दुसऱ्या चुकीने पडतात. म्हणून नियम असा घालून द्यावा: आधी हँडल सरळ, मग दोन्ही ब्रेक एकत्र, सुरुवातीला हलके आणि मग वाढवत. 125 सीसीपर्यंतच्या नव्या स्कूटरमध्ये डावा लिव्हर दोन्ही चाकांना काही प्रमाणात ब्रेक लावतो, तरी उजवा लिव्हर वापरण्याची सवय लावावीच. सराव ताशी 20 किलोमीटरला सुरू करून 30 पर्यंत न्यावा, खुणेसाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढावी आणि प्रत्येक वेळी गाडी रेघेपुढे किती गेली ते शिकणाऱ्यालाच पावलांनी मोजायला लावावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, हे फळ्यावर लिहून पटत नाही, पावलांनी मोजले की पटते. ताशी 40 ला गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. मोबाइल वाजला म्हणून नजर दोन सेकंद खाली गेली, तर एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होईल एवढे अंतर आंधळेपणाने पार झालेले असते.

आठचा आकडा अनेक चाचणी मैदानांवर असतो, त्यामुळे तो शिकवावाच लागतो. वर्गाचा निम्मा वेळ त्यातच घालवू नये, एवढेच. आठ नीट येण्यासाठी नजर पुढच्या चाकावर न ठेवता जेथे जायचे तेथे न्यावी, मागचा ब्रेक हलका धरावा आणि वेग स्थिर ठेवावा. तीन-चार दिवसांत तो जमतो.

बारा-तेराव्या दिवशी रस्त्यावर न्यावे, तेही सकाळी रहदारी वाढण्यापूर्वी. शिकाऊ लायसन्सवर मागे फक्त प्रशिक्षक बसू शकतो. मैत्रीण, मूल, किराणा आणायला निघालेली सासू कोणीही नाही. पहिल्या दिवशी फक्त डावी वळणे घ्यावीत. उजवे वळण, वर्तुळाकार चौक, उभ्या रिक्षांच्या बाजूने जाणे आणि एसटी थांब्याजवळून जाणे या क्रमाने पुढे वाढवावे. उभ्या रिक्षेचे किंवा मोटारीचे दार उघडेल एवढे अंतर सोडून जाण्याची सवय येथेच लागते. ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये, हे मात्र उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये शिकणाऱ्याला बसवून दाखवावे. आरशात दुचाकी दिसतच नाही हे तेथून पाहिलेला माणूस ते विसरत नाही. ओळखीचा ट्रकवाला अर्धा तास गाडी उभी करायला नाही म्हणत नाही.

ज्या भागात वर्ग आहे, त्या भागाचे धोके अभ्यासक्रमात आले पाहिजेत. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत उतारावर खालच्या गियरमध्ये उतरणे शिकवावे आणि गियर नसलेल्या स्कूटरवर ब्रेक सतत दाबून न धरता मधूनमधून सोडत उतरायला सांगावे. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात संध्याकाळनंतर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉली हा ठरलेला धोका आहे. जूनमधल्या पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रेल्वेचे रूळ भर पावसाळ्यातही निसरडेच राहतात. वर्ग पावसात बंद ठेवण्याऐवजी, वीज-वादळ नसेल तर, एक तास मुद्दाम ओल्या डांबरावर घ्यावा. शेवटच्या दिवसांत 108 क्रमांकाची रुग्णवाहिका कशी बोलवायची, जखमीचे हेल्मेट घाईने का ओढू नये आणि मदत करणाऱ्याला कायद्याने काय संरक्षण दिले आहे, हे सांगायला एक तास ठेवावा.

आठवी पायरी: नोंदी

नमुना 14 मध्ये वर्षभराच्या विद्यार्थ्यांची नोंदवही आणि त्यासोबत नावांची अकारविल्हे यादी ठेवायची. नमुना 15 मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने रोज किती वेळ गाडी चालवली ते लिहायचे. प्रशिक्षण संपल्यावर नमुना 5 मध्ये प्रमाणपत्र द्यायचे. कार्यालयात मूळ अनुज्ञप्ती आणि प्रशिक्षकांची नावे-पत्ते दर्शनी भागात लावायचे. वह्या तपासणीला केव्हाही उघडता आल्या पाहिजेत.

यांत नमुना 15 सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा आहे. तो महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरला असेल, तर अनुभवी निरीक्षकाला पहिल्या पानावरच कळते: सगळ्या वेळा सहा ते सात, सगळ्या सह्या एकसारख्या, आणि मुसळधार पावसाच्या दिवशीही सराव झालेला. नोंद त्याच दिवशी, गाडीवरून उतरल्याबरोबर, शिकणाऱ्याच्या सहीनिशी व्हावी आणि शेरा लिहायला थोडी जागा असावी. ‘उजवे वळण, मान फिरत नाही’ असा चार शब्दांचा शेरा दुसऱ्या दिवशीच्या प्रशिक्षकाला दहा मिनिटांचे काम वाचवतो. पुढे त्या विद्यार्थ्याचा अपघात झाला आणि कोणी शाळेकडे बोट दाखवले, तर हीच वही बोलते.

एक मोह टाळण्यासाठी नियमांतच अट घातली आहे: आपण सरळ मार्गाखेरीज अन्य मार्गाने लायसन्स मिळवून देऊ शकतो, असा समज निर्माण होईल असे वर्तन अनुज्ञप्तीधारकाने करायचे नाही. ‘लायसन्सची हमी’, ‘चाचणीला यायची गरज नाही’ असे फलक त्यामुळे बेकायदेशीर ठरतात. लायसन्सच्या कागदपत्रांत मदत करायला हरकत नाही, पण त्याचे शुल्क प्रशिक्षणाच्या शुल्कापासून वेगळे दाखवून त्याची पावती द्यावी. विद्यार्थी नापास झाला, तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते आणि तीन वेळा अपयश आले तर साठ दिवस थांबावे लागते. या मधल्या काळात दोन-तीन तास विनाशुल्क सराव देणारा वर्ग गावात तोंडोतोंडी पसरतो, त्याला फलकाची फारशी गरज पडत नाही.

नववी पायरी: पुढील पाच वर्षे

जागा बदलायची असेल, तर आधी लेखी मंजुरी घ्यावी, नंतर स्थलांतर करावे. भाडेकरार संपत आला की घाईने शेजारच्या गल्लीत हललेल्या शाळा याच कारणाने अडचणीत येतात. प्रशिक्षक सोडून गेला, तर नव्या पात्र प्रशिक्षकाची माहिती प्राधिकाऱ्याला कळवेपर्यंत त्याच्या तुकड्या थांबवाव्यात. गाड्या सुस्थितीत न ठेवणे, अभ्यासक्रम न पाळणे किंवा वरील अटींचा भंग करणे या कारणांवरून अनुज्ञप्ती निलंबित किंवा रद्द होऊ शकते. दोष दुरुस्त करण्याजोगा असेल, तर साधारणपणे निलंबनाचा मार्ग घेतला जातो. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते, म्हणून आदेशाच्या लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना 13 मध्ये, मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी द्यावा लागतो. व्यवहारात चार महिने आधीच तयारीला लागावे, कारण तेव्हाही जागेची, गाड्यांची आणि साहित्याची पाहणी नव्याने होते. पाच वर्षांपूर्वी जोडलेला भाडेकरार, गाड्यांचा विमा आणि पीयूसी यांच्या मुदती त्याच सुमारास तपासून घ्याव्यात, आणि गेल्या पाच वर्षांच्या नमुना 14 च्या वह्या एका कपाटात वर्षवार लावून ठेवाव्यात.